तोडणाऱ्यानं चादर धरायची

आबा उन्हाळ्यात गेले. धुळ्यात, देवपुरात, भाड्याच्या खोलीत. ज्या गावांची तुटलेली केबल त्यांनी जोडून दिली, त्यांतल्या एकाही गावातून कोणी आलं नाही. गावांना दोष देता येत नाही, कारण त्यांना कळलंच नव्हतं. वायरमन गेला तर गाव हळहळतं, त्याला पावसात खांबावर चढलेलं गावानं पाहिलेलं असतं. केबल जोडणारा गावाबाहेर खड्ड्यात बसलेला असतो. नेट गेलं की लोक सरपंचाला शिव्या देतात, टॉवरकडे बोट दाखवतात. नेट आलं की विसरतात. मधल्या वेळात एक म्हातारा कोपरांवर रेलून केसाएवढ्या काचेच्या तंतूला तंतू जोडत होता, हे कोणाच्या मनातही येत नाही.

मी संघटनेत काम करते. रेशन, वनहक्क, रोजगार हमी यांवर पत्रकं लिहिते. पत्रकात माणसं नसतात, मागण्या असतात. एका माणसावर लिहायची मला सवय नाही. पण ज्यांनी आबांवर लिहायला हवं ते लिहिणार नाहीत. मूळ कंपनी, तिचा ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार आणि त्या सगळ्यांच्या खाली आबा, अशी ती उतरंड. वरच्यांना खालच्याचं तोंडही माहीत नव्हतं. म्हणून हे मी लिहितेय, जमेल तसं.

बुटका बांधा, जाड बोटं, चष्म्याला मागून दोरा. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाची बटणं लावलेली. कामाच्या दिवशी डोक्याला तेल नाही. आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी ते चमच्यानं खायचे. आपल्या खानदेशात भाकरी चमच्यानं खाणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. कुस्करून, वर ठेचा टाकून, चमच्यानं. ढाब्यावरची पोरं हसायची. आबा खाली मान घालून खात राहायचे. बोटाला तेल लागलं की ते काचेला लागतं आणि काचेला लागलं की उजेड अडतो, एवढं साधं कारण होतं. पण ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मीही खूप उशिरा विचारलं, तेव्हा म्हणाले, “तांब्याला मळका हात चालायचा. काचेला चालत नाही.”

तांबं म्हणजे त्यांची जवानी. जळगावात टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडायला ते रोजंदारीवर लागले होते. कायम कधीच झाले नाहीत. तांब्याच्या तारा गेल्या, काचेच्या आल्या. नवे मशीनवाले आले, जुने घरी बसले. आबा मात्र नव्यांच्या मागे उभे राहून शिकले आणि त्यातलं एक वापरलेलं मशीन त्यांनी कुठूनतरी मिळवलं.

हे मशीन मिठाईच्या खोक्याएवढं. दोन तंतूंची टोकं समोरासमोर ठेवायची, झाकण लावायचं. आत बारीक ठिणगी पडते आणि काच काचेत वितळून एक होते. आबा ते गोधडीत गुंडाळून न्यायचे आणि एसटीत त्याच्यासाठी वेगळी जागा धरायचे. साक्रीच्या गाडीत एका कंडक्टरशी झालेला वाद मी स्वतः ऐकलाय. कंडक्टर म्हणत होता, लगेज आहे, वर टाका. आबा म्हणत होते, वर टाकता येत नाही, खालीही ठेवता येत नाही, याला फुल तिकीट द्या. कंडक्टर म्हणाला, “आबा, तिकीट माणसाला असतं.”

“मग मला अर्धं द्या, याला फुल द्या.”

गाडी हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी खरंच दोन तिकिटं काढली आणि खिडकीची जागा मशीनला दिली.

सगळंच त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला देव करायची आपल्याकडे घाई असते, ती मला मान्य नाही. वाय-फायच्या डब्याजवळ दूध ठेवलं तर त्याला विरजण लागत नाही, असं ते ठामपणे मानायचे. मी समोर दही लावून दाखवलं. चाखून म्हणाले, आंबट आहे, पण दही नाही. कोणाचं ऐकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मोर्च्यांवर त्यांचा राग होता. रस्ता अडवता तुम्ही, आणि त्या रस्त्यानं मला खड्ड्याकडे जायचं असतं, असं माझ्या तोंडावर सांगायचे.

आमची ओळखही भांडणातच झाली. साक्रीच्या तहसीलसमोर आमचं धरणं होतं. रेशन दुकानात अंगठा लावायचं यंत्र चालत नाही, नेट नाही म्हणून लोकांना धान्य नाही, यावर. मी पत्रकं वाटत होते. गोधडीचं गाठोडं काखेत घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं पत्रक घेतलं आणि उभ्यानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. असं कोणी वाचत नाही, मी खूश झाले. त्यांनी घडी घालून मला परत दिलं.

“फार मोठ्यानं लिहितेस, पोरी.”

मी विचारलं, म्हणजे काय? गरिबाचं धान्य अडलंय आणि हळू आवाजात लिहू? ते एसटी स्टँडकडे चालायला लागले. मला तेव्हा एवढा राग आला की मी त्यांच्या मागे स्टँडपर्यंत भांडत गेले. तिथून पुढे आठवड्या-पंधरवड्यानं कुठे ना कुठे गाठ पडत गेली. जिथे रेशन बंद तिथे मी, जिथे केबल तुटलेली तिथे आबा. पुष्कळदा ते एकच गाव असायचं.

त्यांचं काम बघायला मी बसायचे. काळी जाड साल सोलायची. आतल्या रंगीत नळ्या, नळ्यांच्या आत रंगीत तंतू. ते तंतू वेगळे करताना आबा पुटपुटायचे: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. चाल आरतीची, शब्द रंगांचे. टोकं मशीनमध्ये गेली की पुटपुटणं बंद. मग आजूबाजूच्या कोणी शिंकलेलंही त्यांना खपायचं नाही.

तंतूची तोडलेली टोकं, नखाएवढे काचेचे तुकडे, ते बाम संपलेल्या बाटलीत गोळा करायचे. काम संपल्यावर गुडघ्यांवर बसून चिकटपट्टीनं जमीन टिपायचे, वितीवितीनं. लोक नेट आलं, नेट आलं म्हणून मोबाइल वर करून नाचत असायचे आणि आबा जमीन टिपत असायचे. या वस्त्यांवर लहान लेकरं अनवाणी फिरतात. तळव्यात घुसलेली ही काच दिसत नाही, निघत नाही. ठेकेदाराच्या दुसऱ्या कोणत्याही माणसाला मी हे करताना पाहिलं नाही.

आता त्यांची ती रीत सांगते, जिच्यामुळे ते अख्ख्या भागात विक्षिप्त ठरले होते.

सांधा जोडताना वाऱ्यानं धूळ येते. एक कण दोन टोकांच्या मध्ये आला की सांधा वाया. म्हणून खड्ड्यावर चादरीचा आडोसा धरावा लागतो. बाकीचे जोडारी काठ्या रोवतात किंवा तंबू आणतात. आबा म्हणायचे, ज्यानं केबल तोडली त्यानं चादर धरायची. तो आल्याशिवाय मशीन गोधडीतून बाहेर निघायचं नाही. पोलिसात तक्रार नाही, शिवीगाळ नाही, नुकसानीची भाषा नाही. खड्ड्याच्या काठावर बसायचं आणि सांधा होईपर्यंत चादर धरायची, बस. शेतात पाइपलाइन टाकणारे, रस्त्याचे मुकादम, विहिरीवाले, कितीतरी लोकांनी त्यांची चादर धरलीय.

अमळनेरला एका सरकीच्या व्यापाऱ्यानं गोदामाचा पाया खणताना केबल उखडली. एका भागातली बँक बंद, दवाखान्यातली नोंदणी बंद. आबा आले, खड्डा साफ केला आणि गोदामाच्या सावलीत बसून राहिले. शेटजींनी मुनीमाबरोबर चहा पाठवला. आबांनी चहा घेतला, मुनीमाला परत पाठवलं. मग मुनीम जेसीबीच्या घाबरलेल्या ड्रायव्हरला घेऊन आला. आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मुनीमाला अहिराणीत विचारलं, “यानी खंदी, पन खंदाले कोनी सांगं?”

मी त्या दिवशी अमळनेरलाच होते. मी आबांना झापलं. दवाखाना बंद आहे आणि तुम्ही रुसून बसलाय? बाहेर बाया लेकरं घेऊन उभ्या आहेत. त्यांचं काय चुकलं?

“रुसलो नाही. थांबलोय.”

दुपार टळत आली तेव्हा शेटजी आले. पांढरे कपडे, कपाळावर आठ्या. चादरीचं टोक धरून ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. हात दुखायला लागल्यावर त्यांनी हात बदलला, मग कंटाळून खाली वाकून बघितलं. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं जवळ येताना दिसली, ठिणगी पडली. शेटजी म्हणाले, एवढंसंच? आबा म्हणाले, एवढंसंच. त्यानंतर कुठेही खणायचं असलं की शेटजी आधी आबांना फोन करायचे.

हे सगळे कौतुकानं सांगतात. मला त्या दिवशीचं ते थांबणं चूक वाटलं होतं, आजही वाटतं. दवाखान्याबाहेरच्या बायांनी त्यांची ती रीत मागितली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकून घेतलं होतं, आणि पुढच्या खड्ड्यावर पुन्हा तेच केलं होतं.

पण त्याच रीतीचं मी पिंपळनेरच्या पुढे काय झालेलं पाहिलं ते सांगायला हवं. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

दिवाळी तोंडावर होती. डोंगराला लागून असलेल्या एका गावातलं नेट गेलं. मोबाइलच्या टॉवरलाही तीच केबल, त्यामुळे फोन बंद आणि रेशनचं यंत्रही बंद. महिना संपत आलेला. महिना संपला की त्या महिन्याचं धान्य बुडतं, मागाहून मिळत नाही. निरोप घेऊन एक जण मोटारसायकलवर पिंपळनेरला आमच्या कार्यालयात आला आणि मी त्याच्या मागे बसून गावात गेले.

गेले तर गावात वेगळंच चाललेलं. पोटठेकेदाराचा सुपरवायझर धुळ्याहून आला होता. तपासणीच्या यंत्रानं त्यानं तुटलेली जागा शोधली होती. गावाच्या वेशीवर रस्त्याकडेला पिवळ्या चिकणमातीचा एक बांध आहे, तिथे. केबल तोडणाऱ्याचं नाव सांगा, मगच जोडणारा माणूस बोलावतो, असं त्यानं गावाला सांगितलं. धान्य बुडायच्या भीतीनं गावानं नाव सांगून टाकलं. सोनीबाई. नवरा नाही, दोन मुली, घर वेशीजवळच.

सोनीबाईनं केलं काय होतं? त्या गावातल्या बायका दर वर्षी दिवाळीआधी त्या बांधाची माती नेतात. कुडाच्या भिंती लिंपायला ती माती चांगली, भेगा पडत नाहीत. त्यांच्या सासवांनी तिथूनच नेली. केबल टाकणाऱ्यांनीही तोच बांध निवडला, कारण माती मऊ, खणायला कमी कष्ट. करारात केबल माणसाच्या छातीइतकी खोल हवी. इथे ती वीतभर मातीखाली टाकून मोकळे झाले. सोनीबाईची कुदळ तिच्यावर बसली. काळं काहीतरी तुटलेलं बघून तिला वाटलं, लाइटची तार आहे. ती घाबरली, माती ओढून घेतली आणि रिकामी टोपली घेऊन घरी गेली.

सुपरवायझरनं तिच्यावर चोरीचा आरोप तयार ठेवला होता. तांब्यासाठी केबल तोडली म्हणे. ज्या केबलमध्ये तांब्याचा तुकडा नाही, तिच्यातलं तांबं चोरल्याचा गुन्हा! त्यालाही ते माहीत होतं. चोरी लिहिली गेली की केबल वर का होती हे कोणी विचारत नाही. सगळा खर्च, सगळा दोष एका बाईच्या माथी. पंचनाम्यासाठी त्यानंच तलाठ्याला दुपारी यायला सांगितलं होतं. बेत असा की तोवर सांधा करून खड्डा बुजवायचा, तलाठ्याला सपाट जमीन दाखवायची आणि गावासमोर बाईकडून कबुली घ्यायची.

मी त्याच्याशी जोरात भांडले. त्यानं शांतपणे मोबाइलमध्ये माझा व्हिडिओ काढला, सरकारी कामात अडथळा म्हणाला. गाव गप्प उभं होतं. धान्य सगळ्यांनाच हवं होतं. सोनीबाई घराच्या दारात बसली होती, तिच्या दोन्ही मुली आत. मी तिला म्हटलं, घाबरू नका, आम्ही वकील देऊ. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वकील द्यावा लागेल एवढंच तिनं ऐकलं असणार.

आबा जीपमधून उतरले. गोधडीचं गाठोडं मांडीवर घेऊन बांधावर बसले. सुपरवायझरनं घाई केली. आबांनी गावातल्या चार गड्यांकडून दोन्ही बाजूंनी मोठा खड्डा खणून घेतला. सांध्याचा डबा आणि केबलचं वेटोळं ठेवायला तेवढा लागतो. चांगल्या पिवळ्या मातीचा ढीग झाला. मग ते नेहमीचं बोलले.

“तोडनारी कोन? तिले बलावा.”

गर्दीनं वाट करून दिली. सोनीबाई आली. लांबूनच म्हणाली, “आबा, मी चोरी नही करी. माती लेवाले ऊनी व्हती.”

“मी कोठे म्हंतो चोरी करी. आठे बस. हाई टोक धर.”

ती बसली. आबांनी चादरीचं दुसरं टोक हातात धरून गर्दीकडे पाहिलं. एरवी दुसरं टोक ते काठीला बांधायचे. त्या दिवशी बांधलं नाही. त्यांनी विचारलं, गावात या दिवाळीला भिंती कोणाकोणाच्या लिंपल्या?

उत्तराची गरजच नव्हती. बांधावरून अर्धं गाव दिसत होतं आणि भिंती ओल्या पिवळ्या होत्या. आबा म्हणाले, ही माती ज्यांनी ज्यांनी नेली, त्यांच्या कुदळी याच केबलच्या आजूबाजूनं गेल्या. हिची लागली, तुमची चुकली. चादर जड आहे, एकटीनं धरवत नाही.

सुपरवायझर म्हणाला, आबा, नाटक पुरे. मग सोनीबाईची जाऊ पुढे आली. दोघींचं बोलणं नव्हतं. मघाशी सोनीबाईचं नाव सांगणाऱ्यांत ती होती, हे मला मागाहून कळलं. सोनीबाईकडे न बघता तिनं आबांच्या हातातलं टोक घेतलं आणि सगळ्या बायकांकडे मान हलवून सुपरवायझरला म्हणाली, “बठ्ठ्या बाया आठूनच माती लेतस. मन्हंबी नाव लिखा.”

तिच्या मागून आणखी तिघी-चौघी आल्या. सगळ्या आल्या नाहीत. सरपंचाची बायको ओट्यावरून बघत राहिली, पण तिची म्हातारी सासू काठी टेकत आली आणि चादरीच्या कडेला हात लावून उभी राहिली. वारा होता. चादर फडफडायची थांबली. खाली आबांनी रंगांची आरती सुरू केली.

सांधा झाला. टॉवर लागला, गर्दीतले मोबाइल वाजायला लागले. रेशन दुकानदार दुकान उघडायला पळाला, त्याच्या मागे निम्मं गाव. गड्यांनाही अंगठा लावायचा होता, तेही गेले. आबांनी जमीन टिपली, डबा खाली ठेवला. सुपरवायझर म्हणाला, चला, बुजवा पटकन, तलाठी येतोय. आणि बाईनं इथे सही करायची, बाकीच्यांनी घरी जायचं. त्याच्या दृष्टीनं काही बदललं नव्हतं. पाच-सात बायकांनी चादर धरली म्हणून ठेकेदाराचा दोष थोडाच ठेकेदाराकडे जाणार होता? एवढं सगळं होऊन कागदावर पुन्हा एकटी सोनीबाईच.

आबांनी फावडं उचललं नाही. हात पुसले. चादर घडी करणाऱ्या बायकांना म्हणाले, “माती लेवाले ऊन्यात ना? मंग ल्या.”

बायकांना कळेना. आबांनी ढिगाकडे हात केला. खणून ठेवलीय, आयती आहे, खड्यांशिवायची, म्हणाले. आधी जाऊबाई गेली आणि टोपली घेऊन आली. मग बाकीच्या. घमेली आली, पाट्या आल्या, एकीनं तर जुनं पातेलं आणलं. ढीग बघता बघता खाली बसायला लागला. ज्या आधी आल्या नव्हत्या त्याही आता आल्या. फुकटची, चाळलेल्यासारखी माती कोण सोडतं? सुपरवायझर एकीला अडवायला जायचा तोवर दुसरी भरून निघून जायची. बाईमाणसाच्या डोक्यावरच्या टोपलीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. शेवटची पाटी सोनीबाईनं भरली. भरताना तिनं आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, ने.

सुपरवायझर रिकाम्या जागी उभा होता, फावडं हातात घेऊन. ओरडला नाही. हळूच म्हणाला, “आबा, आता खड्डा कशानं बुजवायचा?”

“ठेकेदाराले सांगा. माती लयी या.”

तलाठी आला तेव्हा खड्डा उघडा होता. तळात डबा, दोन्ही बाजूंना बांधात शिरणारी केबल, आणि तिच्यावर वीतभर माती. तो काही आमच्या बाजूचा माणूस नव्हता. त्याला जेवायला घरी जायचं होतं. त्यानं केबलवर हात ठेवला, वरच्या मातीवर ठेवला, आणि दिसलं ते लिहिलं, कारण दुसरं दिसण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. चोरीची तक्रार पोलीस ठाण्यापर्यंत गेलीच नाही. सुपरवायझरनंच कागद फाडला. तो पुढे नेला तर पंचनामाही पुढे न्यावा लागला असता. सोनीबाईच्या मुलींनी त्याच संध्याकाळी रेशनचे गहू आणले.

आबांना त्या पोटठेकेदारानं पुन्हा बोलावलं नाही. इतरांनाही सांगून ठेवलं असणार, कारण त्यांचा फोन वाजेनासा झाला. मी चिडून पत्रक काढलं, निवेदन दिलं, आबांना परत घ्या म्हणून ठेकेदाराच्या दारात बसायची तयारी केली. आबांनी नको म्हटलं. कारण दिलं नाही. मी जाब विचारल्यासारखं विचारलं, माती वाटताना माहीत होतं का तुम्हाला, काम जाईल म्हणून? ते मशीनची काच पुसत होते. पुसत राहिले. त्या माणसाकडून कधी काही वदवून घेता आलं नाही. शेवटचे महिने ते गल्लीतल्या घरांच्या वाय-फायच्या वायरी जोडून द्यायचे. हात थरथरायला लागले तेव्हा तेही सुटलं.

त्या पंचनाम्यामुळे पुढच्या वर्षी केबल नव्यानं टाकावी लागली. आता ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जाते, मुरमातून, खोल. जुना तुकडा काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. आबांचा डबा अजून त्या बांधात आहे. त्यातून काहीच जात नाही, तो मेलाय. मी हे गेल्या दिवाळीत सोनीबाईला सांगितलं. म्हटलं, आता कुदळ कुठेही मारा, काही तुटणार नाही. तिनं ऐकलं, पदर खोचला आणि डब्यापासून हातभर जागा सोडून खणायला लागली.